निळ्या टोपीचा भाव

"मंदा, ही उघड उघड लूट आहे!" पांडुरंगराव ओरडले आणि त्यांच्या हातातला फोन दुधीच्या भाजीत पडता पडता वाचला.

मंदाकिनीबाईंनी मान वर केली नाही. सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला हा माणूस ऑकलंडला मुलाकडे आल्यापासून रोज कशाने ना कशाने हादरत होता. आदल्या दिवशी टोमॅटोच्या किमतीने हादरला होता.

फोन मुलाचा, राघवचा. त्याच्या ऑफिसात अमेरिकेतल्या बेसबॉलच्या बाद फेरीवर पैजा लागत. त्यांचे भाव फोनवर दिसत होते.

"मी नाही लावत हां, बाबा," राघव घाईघाईने म्हणाला. "बाकीचे लावतात. मी नुसता बघतो."

"अरे, पण निळ्या टोपीवाले आणि तपकिरी टोपीवाले, दोघांनी वर्षभरात सामने जिंकलेत सारखेच. मग निळ्यांवर डॉलरला दीड आणि तपकिरींवर अडीच?"

"निळे पॉप्युलर आहेत ना. त्यांचे फॅन हीप्स आहेत, ढिगाने. भाव कितीही पाडला तरी ते पैसे लावणारच. मग बुकी कशाला जास्त देतोय?"

पांडुरंगरावांनी ताटावरून मान वर केली. सात वर्षांची नात ईशा समोर निळी टोपी घालून बसली होती. तिला बेसबॉलचा ब कळत नव्हता.

"ईशा, ही टोपी का घेतलीस?"

"एव्हरीवन हॅज वन, आजोबा."

माणसाच्या भाबड्या प्रेमावर कुणी असा हात मारावा, याचा त्यांना मनापासून धक्का बसला. आणि मग, खरं सांगायचं तर, तोंडाला पाणी सुटलं. साखरेचा रिपोर्ट आल्यापासून चार महिने ते दुधीवर होते. पुरणपोळी स्वप्नातसुद्धा येईनाशी झाली होती. बुकी झालं तर?

ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातल्या हॉलमध्ये दर बुधवारी मुलांकडे राहायला आलेले आईवडील जमत. पांडुरंगरावांनी तिथे पैज जाहीर केली. पैशांना हात लावायचा नाही, डबे लावायचे. निळ्यांवर एका डब्याला एक, तपकिरींवर एकाला तीन. खाली लाल शाईत नियम: 'डबा स्वतः केलेला असावा, विकतचा चालणार नाही.' रस्त्यावरच्या मिठाईच्या दुकानातून कुणी आयते पेढे आणून टेकवू नयेत, एवढाच त्यांचा हेतू.

सगळे निळ्यांवर लावणार, हे उघड होतं. घरोघरी नातवंडांच्या डोक्यावर तीच टोपी होती. पांडुरंगरावांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण समोर फळा होता. चाळीस मिनिटं त्यांनी गर्दी, भाव आणि भाबडेपणा यांवर असं काही शिकवलं, की शेवटी टाळ्या पडल्या.

"वा, पांडुरंगराव!" दीनानाथ नाडकर्णी उठले. "डोळे उघडलेत. माझा डबा तपकिरींवर!"

"माझाही!"

"माझापण तपकिरींवरच!"

अठरा पुरुष, अठराही डबे तपकिरींवर. पांडुरंगरावांच्या हातातला खडू गळून पडला. तपकिरी जिंकले तर चोपन्न डबे! एवढे डबे मंदा करणार तरी कशी? त्यांनी निळ्यांचा भाव तीन केला, पाच केला, आठ केला. कुणी ढिम्म हललं नाही.

"बारा!" ते जवळजवळ रडत म्हणाले.

"माझा एक डबा निळ्यांवर," बायकांच्या घोळक्यातून मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"अगं, मी काय शिकवलं ते कळलं नाही का तुला?"

"लिहून घ्या."

सामना तिकडे रात्री असला तरी इकडे भर दुपारी होता. ज्यांना फळ्यापाशी लुटारूंचे लाडके म्हटलं, त्याच निळ्यांसाठी पांडुरंगराव ईशाची टोपी डोक्यावर ठेवून देवाचा धावा करत होते. शेवटच्या फटक्याला चेंडू प्रेक्षकांत गेला आणि निळे जिंकले.

"अठरा डबे!" ते सोफ्यावरून उडालेच. "मंदा, पुरणपोळ्या येणार!"

"अठरा येतील," मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि माझे बारा तुम्ही द्यायचे. रोज एक."

"मी? मला चहासुद्धा येत नाही, मंदा!"

"'डबा स्वतः केलेला असावा.' अक्षर तुमचंच आहे ना? गर्दी तिकडे गेली, तेव्हाच मला कळलं आता भाव कुठे आहे. चांगलं शिकवता हो तुम्ही."

संध्याकाळी बेल वाजली. दारात दीनानाथ उभे होते. पहिला डबा! पांडुरंगरावांनी आधाशासारखं झाकण उघडलं आणि तिथेच थिजले. आत काहीतरी काळं होतं.

"खिचडी आहे," दीनानाथ पडेल आवाजात म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा केली. स्मोक अलार्म वाजला, शेजारचे धावत आले. वहिनींनी सगळ्यांच्या घरी फोन करून नियम वाचून दाखवलाय. उरलेले सतराही आज स्वयंपाकघरातच आहेत."

पांडुरंगरावांनी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. त्या पाय वर घेऊन ईशाबरोबर सोफ्यावर बसल्या होत्या.

"बरं, काय करू मग?" त्यांनी हताश होऊन विचारलं.

"मला काहीही चालेल. फ्रिजमध्ये असेल ते करा."

पांडुरंगरावांनी फ्रिज उघडला. आत बारा दुधी होते.