पुकारलेला आकडा

जयाने सरपंचपदाची निवडणूक एका वाक्यावर जिंकली होती. प्रचाराच्या शेवटच्या सभेत मारुतीच्या पारावर उभी राहून ती बोलून गेली, "निवडून आले तर माझ्या खर्चाचा हिशेब ह्याच पारावर सांगीन. कुनी काय दिलं, कुटं गेलं, समदं." टाळ्या पडल्या, मागोमाग मतंही पडली, आणि नाथमाळच्या ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली सून खुर्चीवर बसली. गुलाल धुऊन झाला, आणि आता ते वाक्य निस्तरायची वेळ आली.

हिशेब तर तालुक्याला द्यायचाच होता. वेळेत दिला नाही किंवा सरकारने घातलेल्या मर्यादेच्या वर गेला, तर निवडून आलेला माणूस घरी बसतो. जयाला त्याची धास्ती नव्हती, कारण तिचा खर्च तो काय, थोडी पत्रकं आणि भाड्याचा भोंगा. पण ग्रामसेवकाने मध्येच खडा टाकला. लोकांनी फुकट दिलेलं असेल तेही दाखवावं लागतं म्हणे, बाजारभावाने. कुणी टेम्पो दिला असेल तर त्याचं भाडं, कुणी भाकरी दिल्या असतील तर त्यांची किंमत.

आता आली पंचाईत. जयाचा सगळा प्रचार भाकरीवरच झाला होता. घराघरातून दुरड्या यायच्या, पोरं झाडाखाली बसून खायची आणि पुढच्या वस्तीवर जायची. कुणाच्या घरून किती आल्या, हे कुणी मोजलं होतं? तिचा नवरा कल्याण म्हणाला की अंदाजाने लिहून टाक, भाकरी मोजायला कोण येतंय. जयाने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून शेळीला पाणी दाखवायला गेला. अंदाजानेच लिहायचं होतं तर पारावर बोलायचं कशाला? तिने ठरवलं, गाव पारावर बोलवायचं आणि ज्याला त्याला विचारायचं.

इथवर सगळं बरोबर होतं. चूक एकच झाली. माईक कानिफनाथाच्या हातात गेला.

कानिफनाथ हा नाथमाळचा पुकारा करणारा. लग्नातला आहेर असो की नाथांच्या यात्रेची वर्गणी, नाव आणि आकडा त्यानेच पुकारायचा. तो नाव असं काही लांबवायचा की कवडीचुंबक माणसाची छातीसुद्धा दोन बोटं फुगावी. या पुकाऱ्याचा गावात एकच नियम होता, पुकारलेला आकडा खाली येत नाही. वर मात्र जाऊ शकतो, आणि जायचाच, कारण गावात ढग्यांच्या दोन आळ्या होत्या, थोरली आणि धाकटी. एकीने शंभर एक म्हटलं की दुसरीने दोनशे एक म्हणायचं, हे आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. त्या चुरशीतून देवळाला कळस आला होता, सभामंडप आला होता, त्यामुळे तिला आवर घालावा असं कुणालाच वाटत नव्हतं.

जयाने कानिफनाथाला दहादा बजावलं की बाबा, ही वर्गणी नाही, झालेल्या गोष्टीची फक्त विचारपूस आहे. त्याने मान हलवली. पण माईक हातात आला की त्याच्या मानेचा आणि तोंडाचा काही संबंध राहत नसे.

"आपल्या सरपंचबाईंच्या निवडनुकीला, दगडाबाई ढगे यांच्याकडून, चाळीस भाकरी." भोंगा चारी वाड्यांवर घुमला. दगडाबाईंनी आयुष्यभर चूल फुंकली होती, पण त्यांचं नाव भोंग्यावर आलं ते आज. त्यांनी पदर सारखा केला आणि जावेकडे बघितलं. जाऊ राहीबाई. ती कशी गप्प बसेल? तिच्या साठ निघाल्या, वर ठेचा. मग दगडाबाईंना आणखी एक दुरडी आठवली. बघता बघता भाकरींचा असा ढीग लागला की एवढ्या खाऊन एकही कार्यकर्ता प्रचाराला उठू शकला नसता. जया वहीत लिहिता लिहिता सारखी म्हणत होती, नीट आठवून सांगा. पण तिच्या हातात पेन होतं, आणि भोंग्यापुढे पेनाचं कोण ऐकतं?

मग उठले थोरल्या आळीचे पुंजाराम नाना. त्यांच्या टेम्पोतून एकदा खर्डा गावाहून भोंगा आणला होता. त्या एका खेपेचे नानांनी तीन दिवस केले आणि खाली बसता बसता म्हणाले, "वर तीन हजार एक रोख."

जया ताडकन उठली. "नाना, रोख कदी दिलं तुमी?"

"दिलं न्हाई म्हून काय झालं? बोललो ना."

खरी गंमत पुढेच होती. धाकटी आळी निवडणुकीत जयाच्या विरोधात होती. त्या आळीचा पुढारी अमृत ढगे, त्याचीच बायको राजनंदिनी जयासमोर उभी राहून पडली होती. आळी आली होती ती नुसती मजा बघायला. पण थोरल्या आळीची नावं एकामागून एक घुमायला लागली तशी तिची चुळबुळ सुरू झाली. अख्ख्या गावासमोर आपल्या आळीचं एकही नाव नाही म्हणजे काय? एकाने दबकत सांगितलं की त्याने पायलीभर शेंगदाणे दिले होते. दुसऱ्याने मिरच्या. आपल्याच उमेदवाराविरुद्ध शेंगदाणे दिल्याचं आपण कबूल करतोय, हे त्या भरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अमृत तेवढा मागे उभा राहून मोबाईल उंच धरून सगळं टिपत होता. नानांच्या तीन हजार एकनंतर एकच गलका झाला, भोंगा किंचाळला आणि मागच्या अंधारातून आवाज आला, "धाकट्या आळीकडून पाच हजार एक."

"धाकट्या आळीकडून पाच हजार एक," कानिफनाथाने सवयीने पुकारलं, "नाथबाबा बरकत देवो."

मग काही विचारू नका. थोरली आळी उठली, धाकटी उठली, आणि पारावरची सभा सुटेपर्यंत नाथमाळने जयाला असं काही निवडून आणलं होतं की बेरीज मर्यादेच्या पार पलीकडे गेली. गाव छाती काढून घरी गेलं. जया एकटी वही मांडीवर घेऊन पारावर बसून राहिली.

दुसऱ्याच दिवशी अमृतने तो व्हिडिओ तालुक्याला नेऊन दिला. सरपंचबाईंनी मर्यादेच्या बाहेर खर्च केला, आणि त्यांच्याच सभेत तो भोंग्यावरून सांगितला, अशी तक्रार. चौकशीची तारीख पडली. देणाऱ्यांना घेऊन या, असा निरोप आला.

जया घरोघर फिरली. चहा सगळ्यांनी पाजला, आकडा कुणी कमी केला नाही. दगडाबाई म्हणाल्या की राहीबाईने आधी कमी करावा. राहीबाई म्हणाली की थोरल्या जावेचा मान पहिला. कल्याण चिडून म्हणाला की या लोकांच्या मोठेपणापायी तुझी खुर्ची जाणार. शेवटी जया पुंजाराम नानांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"पोरी, पुकारलेला आकडा खाली येत न्हाई," नाना म्हणाले. "माज्या बापानं कदी आनला न्हाई."

"खुर्चीसाटी आले न्हाई, नाना," जया म्हणाली. "दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला जातील. त्याच्या आत पोरांच्या वसतिगृहाचा कागद माज्या सहीनं वर जायचाय. पोरं हितंच ऱ्हातील, शाळा बुडनार न्हाई. माजी सही गेली तर ती बी कोयत्यामागं फडात जातील. मी तशीच गेल्ते, सातवीत असताना."

नाना फेट्याचा शेमला बोटांवर गुंडाळत राहिले.

चौकशीच्या दिवशी सकाळी नानांचा टेम्पो जयाच्या दारात येऊन उभा राहिला. आत अख्खं गाव दाटीवाटीने बसलं होतं. जयाची सासू लंकाबाई नवं लुगडं नेसून पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. सुनेची खुर्ची जाणार असेल तर ती जाताना तरी डोळ्यांनी बघू, असं तिचं म्हणणं होतं.

नायब तहसीलदार शांत गृहस्थ होते. समोर एवढी माणसं बघून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग पहिल्याला बोलावलं. पुंजाराम नाना पुढे झाले. त्यांनी घसा खाकरला, फेटा चाचपला. मागे थोरली आळी उभी होती, शेजारी धाकटी.

"मी रोख दिलं न्हाई," नाना म्हणाले. जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाने जन्मात पहिल्यांदा आकडा खाली आणला होता, आणि तो तिच्यासाठी. नानांनी साहेबांच्या टेबलावर बोट टेकवलं. "पर द्यायची ऐपत हाय. तसं लिव्हा."

"तसं कसं लिहिणार?"

"का? खोटं हाय का ते?"

साहेबांनी दोन क्षण विचार केला आणि लिहिलं, 'रक्कम दिलेली नाही. देण्याची ऐपत आहे.' झालं. मग प्रत्येकाला तेच वाक्य पाहिजे झालं. दगडाबाईंनी भाकरी चाळीसवर आणल्या, पण ज्वारी घरची होती आणि कणगी अजून भरलेली आहे, हे नोंदवून घेतलं. मिरच्यावाल्याने मिरच्या तिखट होत्या हेही घालायला लावलं. साहेब मुकाट्याने लिहीत होते.

अमृत संतापला. "साहेब, सगळी संगनमतानं फिरल्यात. तुमी व्हिडिओ बघा ना. त्यात आवाज हायेत समद्यांचे."

साहेबांनी व्हिडिओ लावला. आवाज मोठा केला. कानिफनाथ पुकारत होता, नाना तीन हजार एक म्हणाले, गलका झाला, भोंगा किंचाळला. आणि मग मोबाईलच्या इतक्या जवळून आवाज आला की टेबलावरचा चहाचा कप हलला, "धाकट्या आळीकडून पाच हजार एक."

साहेबांनी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. मग सगळी खोली हळूहळू अमृतकडे वळली.

"तुम्ही पडलेल्या उमेदवाराचे यजमान ना?" साहेबांनी विचारलं.

अमृतच्या कपाळावर घाम आला होता. तो म्हणाला की नानांनी तीन हजार म्हटल्यावर तोंडातून निघून गेलं, आपल्याला कळलंही नाही. त्याच्या शेजारी बसलेली राजनंदिनी नवऱ्याकडे बघत राहिली. "आपल्याच आळीत मला मतं कमी का पडली," ती म्हणाली, "ते आज कळलं."

"दिलेत की नाही दिलेत?" साहेबांनी पेन उचललं.

दिले म्हणावं तर बायकोविरुद्ध पैसे लावल्यासारखं, नाही म्हणावं तर स्वतःचीच तक्रार खोटी, आणि वर थोरल्या आळीसमोर आकडा खाली. अमृतने छताच्या पंख्याकडे बघितलं. "दिलं न्हाई," तो शेवटी म्हणाला. मग हळूच, "पर ऐपत हाय."

साहेबांनी तेही लिहून घेतलं, आणि चष्मा काढून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

तक्रार निकाली निघाली, जयाची सही राहिली, आणि पुढच्या रविवारी पारावर पुन्हा गाव जमलं. सभा सुरू व्हायच्या आधी राजनंदिनी पुढे आली आणि तिने पाच हजार एक रुपये जयासमोर ठेवले. "वसतिगृहाच्या पान्याच्या टाकीला," ती म्हणाली. "आमच्या घरातला आकडा बी खाली येत न्हाई." अमृत मागे उभा होता, यावेळी मोबाईल खिशात ठेवून. जयाने तिथेच ग्रामपंचायतीची पावती फाडली. राजनंदिनीचा तिला त्या घटकेला फार अभिमान वाटला, आणि तो तिने लपवला नाही.

मग जया हिशेब वाचायला उठली. माईक तिने स्वतःच धरला होता, कानिफनाथ कडेला हात चोळत उभा होता. "दगडाबाई ढगे, चाळीस भाकरी."

"पस्तीस," दगडाबाई उठून म्हणाल्या. "पाच करपल्या हुत्या. त्या म्या घरीच ठिवल्या."

जयाने खोडून पस्तीस केलं. राहीबाई लगेच उभी राहिली. जाऊ एवढी खरं बोलते म्हणजे काय? "माज्या तीसच. आन ठेचा न्हवताच." शेंगदाणेवाल्याने पायलीची अर्धी पायली केली. नाना म्हणाले की टेम्पोची खेप एकच, आणि त्यातही येताना त्यांनी स्वतःची पेंड आणली होती, तेव्हा भाडं अर्धंच धर. धाकट्या आळीतला मिरच्यावाला म्हणाला की मिरच्यांत निम्म्या सडक्या होत्या. आकडे घसरत चालले. थोरली आळी उतरली की धाकटी तिच्याखाली उतरत होती.

शेवटी कानिफनाथ जयाच्या कानाशी आला. "बाई, थांबवा ह्यांना. असंच चाललं तर निवडनूक झालीच न्हाई असं निगंल."

जया हसली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने ते पदराने पुसले नाहीत. तिने बेरीज केली, खाली रेघ मारली आणि माईक कानिफनाथाच्या हातात दिला. "येवडा एकच पुकारा," ती म्हणाली.

कानिफनाथाने घसा साफ केला. यात्रेला पुकारतो तसा, नाव लांबवत, प्रत्येक अक्षरावर थांबत त्याने तो आकडा चारी वाड्यांवर पाठवला. नाथमाळच्या भोंग्यावरून आजवर पुकारलेला तो सगळ्यात लहान आकडा होता. लंकाबाईने सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली, मग सगळं गाव वाजवू लागलं. आणि त्याच्यावर आकडा लावायला दोन्ही आळ्यांतून कुणीही उठलं नाही.