शाळेचा रुपया

"शाळेसाठी देणगी मागायची न्हाई, की कुनाच्या दारात जायाचं न्हाई. गावातल्या दुकानात जो काय घेईल, त्यानं शेकड्याला दोन रुपये शाळेला द्यायचे. मग पैसा कसा धावत येतो बघा!" सरपंच काकासाहेबांनी ग्रामसभेत ठणकावलं.

गरज खरी होती. खळवाडीच्या शाळेत भार्गवीबाई इंग्रजी शिकवायच्या आणि त्यांचा पगार गाव द्यायचं. त्या गेल्या की पोरं श्रीरामपूरला जाणार आणि शाळेला कुलूप लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सुप्याच्या कंपनीतून बाईंना बोलावणं आलेलंच होतं. जूनपर्यंत पगाराची सोय झाली नाही, तर त्या निघणार होत्या.

"आन पाच रुपयाच्या चहापत्तीवर किती वो?" मागून कुणीतरी विचारलं.

"पैसे मोजत कोन बसनार? कमीत कमी रुपया," काकासाहेबांनी निकाल दिला.

दुकानादुकानांत शाळेचा वेगळा क्यूआर चिकटला. पैसे आले की बोलतो तो डबा वर्गात ठेवला, आणि त्याच्यापुढं माईक ठेवून शेजारच्या देवळाचा भोंगा जोडला. सुरुवातीला डबा नुसता बडबडत होता. मग हळूहळू गप्प झाला. ज्याच्या बुडाखाली गाडी, तो बाजारहाटाला बेलापूरला जायला लागला. शेकड्याला दोन का होईना, कोण सोडतंय? खुद्द काकासाहेबांनीही लेकीच्या लग्नाचा किराणा बेलापूरहून आणला आणि टेम्पोवर ताडपत्री टाकून गुपचूप गावात घातला.

तेव्हा मे महिन्यातली अमावास्येची दुपार होती. गाव बाजाराला गेलेलं, दुकानांची शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऊन असं, की आपली सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. आणि त्या शांततेत भोंगा बोलला.

"एक रुपया प्राप्त झाला आहे."

बाईचा आवाज. सपाट आणि दमलेला.

ग्रामपंचायतीचा शिपाई मच्छिंद्र टेम्पोजवळच होता. तो हळूच म्हणाला, "सरपंच, आवाज वळखला का? शोभाबाईंचा हाय."

शोभाबाईंनी याच शाळेत उभा जन्म शिकवलं आणि गेल्या दिवाळीत त्या वारल्या. काकासाहेबांना बाराखडी त्यांनीच शिकवलेली, छडी मारून.

"येडा हायस का? मशीन हाय ते."

"मशीन हाय, कबूल. पर रुपया टाकतंय कोन? गावात हाय कोन?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. काकासाहेबांनी ताडपत्रीकडं बघितलं, भोंग्याकडं बघितलं आणि मच्छिंद्रला पुढं घालून शाळेकडं निघाले.

मैदानात वारा नव्हता, तरी झोपाळा कुरकुरत होता. वर्ग उघडला, तर आत गारवा. फळ्यावर शोभाबाईंच्या हातचा सुविचार होता. बाई गेल्यापासून तो पुसायला कुणाचा हात झाला नव्हता. बाकं रिकामी, आणि टेबलावर डब्याचा हिरवा दिवा तेवढा मिचमिचत होता.

"एक रुपया प्राप्त झाला आहे."

मच्छिंद्र "नाथबाबा, नाथबाबा" करत बाकाखाली शिरला. काकासाहेबांनी फळ्यापुढं हात जोडले. "बाई, चुकलो. किराना बेलापूरहून आनला. सगळेच आनतात म्हनून मी बी आनला. भरतो शाळेचं, पर लेकीच्या लग्नात आडवं येऊ नका."

"कुनाशी बोलतुया रं, काकासाहेब?"

दारात कुणीतरी उभं होतं. उन्हामुळं तोंड दिसत नव्हतं, नुसता वाकलेला आकार आणि काठी. आकार आत आला आणि त्याची गोजरबाई झाली. दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणारी म्हातारी, हातात चहापत्तीची आणि साखरेची पुडी.

"मावशे, तू हितं कशी?"

"गोरक्षाच्या दुकानातनं घरला चालले हुते, तुझा आवाज आला. शटर लावून बसतुया बिचारा, गिऱ्हाईक न्हाई म्हनून. मला मागच्या दारानं देतो. मी रुपया देते, त्यो मोबाईलवरनं शाळेला धाडतो. आत्ता चहापत्ती घेतली. साखर इसरले म्हनून पुन्हा गेल्ते."

"मंजी रुपया दोनदा दिला?"

"मंग? हातात पैका यील तसं पुडी-पुडीनं घ्यायचं. मला कुठाय बेलापूरला जायाला गाडी?"

काकासाहेब मटकन बाकावर बसले. टेम्पोभर किराण्याला शाळेचा छदाम नाही, आणि पाच रुपयांच्या पुडीला रुपया. भूत निघालं असतं तर बरं झालं असतं, भुताला निदान उतारा टाकता येतो.

"मावशे, उद्यापासनं तू रुपया देऊ नगं," ते कसेबसे म्हणाले.

"आसं कसं? डाक्टर बी म्हनत हुता, चहा सोड, तुला चांगला न्हाई. म्हनलं, बाबा, मी चहा सोडला तर शाळा बंद पडंल."