घाडीकाकांचा माग

आमच्या चाळीने घाडीकाकांना एकच अट घातली होती. जिना चढताना खोकायचं.

परळच्या त्या चाळीचा जिना लाकडी. मांजर चढलं तरी चौथी पायरी कुरकुरायची. घाडीकाका चढले की सगळा जिना गप्प. आपण गॅलरीत दात घासत उभे असायचो आणि कानाशी हळू आवाज यायचा, "आज पाणी कमी इला." दचकून वळावं तर काका वीतभर अंतरावर उभे. पार्वतीबाईंच्या हातून असे दोन तांबे थेट खालच्या चौकात गेले. तिसरा एका पाहुण्याच्या डोक्यात बसता बसता राहिला, तेव्हा चाळीची सभा भरली आणि खोकण्याचा ठराव पास झाला.

काकांनी तो मुकाट्याने पाळला. पण त्याने भीती वाढलीच. खोकला जिन्याच्या तळाशी ऐकू यायचा आणि आपण "आले वाटतं" म्हणेपर्यंत काका आपल्या पाठीशी. पार्वतीबाई म्हणायच्या, "खोकला खाली, माणूस वर. मग खोकलं कोण?"

त्यात आडनाव घाडी. कोकणात घाडी म्हणजे गावची भुतं बांधणारा. आमच्या चाळीत अर्धी बिऱ्हाडं कोकणातली, त्यामुळे काकांनी येताना एखादं बरोबर आणलं असणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. प्रत्यक्षात काका होते शिकारी. सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव, बायको गावी, आणि इथे तिघा गाववाल्यांबरोबर एका खोलीत बिऱ्हाड. तरुणपणी साहेबलोकांच्या शिकारीत जनावराचा माग काढायचं काम केलेलं. आता आमच्या गिरणीत कापसाच्या गोदामावर राखणदार. खोलीत खुंटीवर तेलकट फडक्यात गुंडाळलेली त्यांची ठासणीची बंदूक असायची. मी त्याच गिरणीत टाइमकीपरच्या ऑफिसात कारकून, शेजारच्याच खोलीत राहणारा, त्यामुळे त्यांना दोन्हीकडे दचकायचा मान माझा.

एकदा सकाळी ते मला म्हणाले, "चौदा नंबरातल्या म्हाताऱ्याक डॉक्टर दाखवा. कालपासून तेचो श्वास अडाकता."

चौदा नंबर गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. दार बंद. पण डॉक्टर आला, त्याने नळी लावली आणि म्हणाला, बरं झालं वेळेवर बोलावलंत. म्हातारा वाचला. काकांचं कौतुक व्हायला हवं होतं. झालं असं, की काका दारावरून गेले की माणसं उगाचच खोल खोल श्वास घेऊन दाखवू लागली.

काकांचं एक आवडतं वाक्य होतं. "लांबसून कोणय मारीत. जवळ जावक छाती लागता."

हे वाक्य खरं म्हणजे कर्णिकसाहेबांसाठी होतं. कर्णिकसाहेब आमच्या विणाई खात्याचे मोठे अधिकारी. शिकारीचे शौकीन. त्यांच्याकडे दुर्बीण बसवलेली विलायती रायफल होती, आणि दर सोमवारी ते आमच्या ऑफिसात येऊन तिचे पराक्रम सांगत.

"घाडी, तीनशे यार्डांवरून खांद्यात गोळी," ते म्हणायचे. "जनावराला आवाज पोचायच्या आत सगळं संपलेलं. याहून दयाळू मरण दाखवा मला. तुम्ही सरपटत जाणार, त्याला वास लागणार, ते बिथरणार, आणि मग घाईत गोळी घालणार."

"घाईत नाय घालूची, साहेब. वीस पावलांर गेल्याशिवाय बंदूक उचलूचीच नाय. वीस पावलांर कळता, मादी आसा काय, पोटात पिल्लू आसा काय. जनावराचो कान हलता तो दिसता."

"आणि वीस पावलांवर जाताच आलं नाही तर?"

"तर घराक यायचा. तो दिवस जनावराचो."

साहेब हसले. काका हसले नाहीत. शेवटी ठरलं, की येत्या रविवारी शहापूरच्या जंगलात जाऊन काय ते बघायचं. पंच म्हणून मी. माझा शिकारीशी संबंध ढेकणांपुरता होता.

सकाळी आठ वाजता आम्ही एका दरीच्या काठावर होतो. समोरच्या उतारावर एक सांबर उभं होतं. मला ते झाडाच्या खोडासारखं दिसत होतं. काकांनी वाऱ्याकडे तोंड केलं, खाली बसले आणि म्हणाले, "दोन तास द्या माका. मी जातंय." पण साहेब तोवर पालथे पडले होते. रायफल कडाडली. सांबर एकदा वाकलं आणि झाडीत गेलं.

साहेब दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. "चुकली," म्हणाले.

"लागली," काका म्हणाले.

"कशावरून?"

"आवाजावरून. दगडात लागली तर सुको आवाज येता. ह्यो ओलो होतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, घाम पुसला. काका कुणासाठी थांबले नाहीत. दरी उतरून ते पलीकडे चढले. मी मागे. खरं सांगायचं तर, तिथे एकटं बसायची मला भीती वाटली.

तशी शांतता मी तोवर कधी अनुभवली नव्हती. काका माझ्यापुढे दोन पावलं होते, तरी तीनदा ते मला दिसेनासे झाले. पानावर एक थेंब. पुढे वीस हातांवर मोडलेलं गवत. मग पुन्हा एक थेंब, काळसर. काकांनी तो बोटावर घेतला, हुंगला. "पोटात लागली," ते पुटपुटले. "आता दिवसभर मरत ऱ्हवतला." आम्ही पुढे जाऊ तसे पक्षी गप्प होत होते. आमच्यामुळे, की पुढे जे चाललं होतं त्याच्यामुळे, कळेना. मला सारखं वाटत होतं, की झाडीतून कुणीतरी आमचाही श्वास ऐकतंय.

दुपार कलली तेव्हा आम्ही करवंदीच्या एका दाट जाळीपाशी पोचलो. काकांनी मला हाताने थांबवलं, जमिनीला पोट लावलं आणि बंदूक पुढे धरून आत शिरले. एक काटकी मोडली नाही. बऱ्याच वेळाने आतून दबका बार झाला. मी वाकून गेलो तर काका सांबराशेजारी बसले होते. त्यांनी त्याच्या उघड्या डोळ्यावर तळवा ठेवला होता, झोपलेल्या मुलावर ठेवावा तसा.

संध्याकाळी कर्णिकसाहेब जाळीपर्यंत आले आणि त्यांनी ते सांबर पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शिंगं घेतली नाहीत आणि नंतर कित्येक सोमवार ते आमच्या ऑफिसात फिरकले नाहीत.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मोर्चे, हरताळ, आणि एक दिवस आमच्याच भागात गोळीबार. संचारबंदी लागली. गिरण्यांचे भोंगे बंद, धुराड्यांतून धूर नाही. भर दुपारी परळ इतकं गप्प, की खालच्या चौकातल्या नळाचा थेंब तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. आम्ही सगळे दारं लावून आत. घाडीकाका तेवढे गॅलरीत उभे, मान तिरकी करून.

लालबागच्या बाजूने बार ऐकू आले. एक, दोन, तीन.

"हवेत असतील," मी दाराच्या फटीतून म्हणालो.

चौथा बार झाला. काका वळले. "लागली," म्हणाले, आणि जिना उतरू लागले.

"काका, बाहेर दिसेल त्याला उचलतायत! मरायचंय का?"

"लागलेला सोडूचा नसता रे," ते खालून म्हणाले.

मी शूर माणूस नाही. पण त्या शहापूरच्या दिवसापासून ते पुढे गेले की माझे पाय आपोआप मागे जात. आम्ही भिंतीला धरून, बोळाबोळांतून निघालो. मोठ्या रस्त्यावर माणूस नव्हता. नुसत्या चपला पडल्या होत्या, शेकडो, जोड सुटलेल्या. काका त्यांच्यामधून वाकून चालले. फूटपाथच्या दगडी कडेवर थेंब. मग भिंतीवर हाताचा ठसा, अजून ओला. मग काहीच नाही, आणि पुन्हा गटाराच्या झाकणावर एक थेंब. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या फटींतून डोळे आमच्याकडे बघत होते, पण एकही दार उघडलं नाही.

माग एका बंद वखारीमागे गेला. लाकडांच्या ढिगाखाली एक विशीतला गिरणी कामगार अंग चोरून पडला होता. मांडीत गोळी. इस्पितळात नेलं तर तिथून पकडतील, या भीतीने इथे येऊन लपलेला. आम्हाला बघताच तो कोपरांवर मागे मागे सरकू लागला, तोंडातून आवाजही काढेना.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काकांना मोठ्याने बोलताना ऐकलं. "मी घाडी! गिरणीतलो! भिया नको, मी जवळ येतंय!" असं ओरडत ते गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत गेले. धोतराचा सोगा फाडून त्यांनी मांडी आवळली. पोराने त्यांची मान घट्ट धरली. मग त्याला पाठुंगळी घेऊन पन्नाशीचे घाडीकाका भर रस्त्याच्या मधून इस्पितळाकडे चालत गेले. मी पुढे, दोन्ही हात वर करून. आम्हाला कुणी अडवलं नाही. का, ते देव जाणे.

इस्पितळात नर्सने कागद पुढे ओढला. "तुमचा कोण हा?"

"भाव," काका म्हणाले. "धाकटो."

दोघांच्या वयात तीस वर्षांचं अंतर. नर्सने एकदा वर पाहिलं आणि 'भाऊ' असं लिहून घेतलं.

आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. काकांच्या सदऱ्याची पाठ रक्ताने भरली होती. मी काही विचारलं नव्हतं, तरी ते बोलू लागले.

"माझो भाव होतो. रामा. तरणेपणी गोऱ्या साहेबांच्या शिकारीक आमी रान उठवूक हाको घातलेलो. रामा हाकेकऱ्यांत. साहेबान लांब टेकडेवरसून डुकरार गोळी घातली. साहेब म्हणालो, चुकली. माका ठावक होता, चुकूक नाय. कायतरी लागला होता. पण साहेब चुकली म्हणालो, तसो मी पण म्हणालंय, चुकली. दमलेलंय. सांजेक रामा दिसाक नाय. म्हटला, दुसरे वाटेन घराक गेलो असात."

त्यांनी हातावरचं वाळलेलं रक्त अंगठ्याने खरवडलं.

"तिसऱ्या दिसाक रामा गावलो. दोन दिस जितो होतो. व्हाळाकडे सरपटत गेललो. पाण्यापासून धा हात."



पोरगा वाचला. संचारबंदी सैल झाल्यावर काका रोज इस्पितळात तांदळाची पेज घेऊन जात, मऊ, मीठ घातलेली. चौथ्या दिवशी मीही बरोबर होतो. वॉर्डाच्या दारात काका एकदम थांबले. पोराच्या खाटेवर एक बाई बसली होती आणि त्याच्या केसांतून हात फिरवत रडत होती.

"तेची आवस इली हा," काका म्हणाले आणि डबा माझ्या हातात दिला. "तू जा."

"तुम्ही चला ना. त्याच्या आईला कळू दे, कुणी आणलं ते."

"नको रे. तू जा. पेज गरम आसा."

भेटीची वेळ संपेपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून होते. मी परत आलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलो?"

"जेवला. सगळी संपवली."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि रिकामा डबा माझ्याकडून घेऊन त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला.