थॉर्नवेल घराण्याची अखंड राजनिष्ठा

राजे येतात आणि जातात, जमीन मात्र जागच्या जागी राहते. म्हणून ज्याची निष्ठा जमिनीवर आहे, तोच खरा राजनिष्ठ. इंग्लंडच्या उत्तर भागात या गुणात थॉर्नवेल घराण्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी त्यांचा पाद्री. त्यांची पापं ऐकून घेणं हे माझं पूर्णवेळ काम होतं.

घराण्याची रीत सरळ होती. सिंहासनावर दोन दावेदार उभे राहिले, की थोरला मुलगा एकाकडे जाई आणि धाकटा दुसऱ्याकडे. कुणीही जिंको, जिंकलेल्याजवळ आपला एक मुलगा असेच. तो मग हरलेल्या भावाची जप्त झालेली जमीन इनाम म्हणून मागून घेई. (हरलेला भाऊ फ्रान्सला जाई. तिथली हवा चांगली असल्याचं त्याला सांगण्यात येई.) अशा प्रकारे दर यादवीनंतर राजनिष्ठा सिद्ध होई आणि कुरणं वाढत.

पंचाईत झाली ती फल्कसाहेबांच्या काळात. राजे दोन झाले आणि मुलगा एकच निघाला, वॉरिन. फल्कसाहेबांनी बायकोकडे, हॉइसबाईंकडे, रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" बाई म्हणाल्या. "दुसरं मूल व्हायच्या वयात तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होतात."

"मग मीच जातो. वॉरिन तरुण राजाकडे, मी म्हाताऱ्याकडे."

"आणि समोरासमोर आलात तर?"

"तर ओळख दाखवायची नाही. त्यात काय एवढं?"

गावकऱ्यांचीही समान वाटणी झाली. ओढ्याच्या अलीकडचे बापाच्या निशाणाखाली, पलीकडचे मुलाच्या. या वाटणीबद्दल एकाही गावकऱ्याने तक्रार केली नाही. (कुणाला विचारलं नव्हतं.)

लढाई एका ओल्या माळावर झाली. गावची बरीच माणसं तिथेच राहिली, दोन्ही बाजूंची. तरुण राजा जिंकला. फल्कसाहेब चिलखतासकट चिखलात रुतले होते. त्यांना बाहेर ओढायला वॉरिनचाच घोडा लावावा लागला, आणि ठरल्याप्रमाणे कुणी ओळख दाखवली नाही.

राजा वॉरिनवर खूश होता. तो म्हणाला, "एक काहीतरी माग. बापाची मान, नाहीतर बापाची जमीन. दोन्ही देण्याइतका मी अजून स्थिरावलेलो नाही."

वॉरिन बुरुजात बापाला भेटायला गेला. मी तिथेच होतो.

"विचारायला कशाला आलास?" फल्कसाहेब म्हणाले. "जमीन माग."

"बाबा, मान जाईल तुमची."

"माझी जाईल, तुझी राहील. नदीकाठचं कुरण विसरू नकोस, ते वेगळं मागावं लागतं. आणि डोळे पूस आधी. राजाला वाटेल, तू माझ्या बाजूचा आहेस."

दाराबाहेर हॉइसबाई उभ्या होत्या, हातात नवऱ्यासाठी आणलेला लोकरीचा सदरा. त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "त्यांचं ऐकू नकोस. बापाला माग."

वॉरिन आज्ञाधारक मुलगा होता. त्याने बापाचं ऐकलं. नदीकाठचं कुरणही तो विसरला नाही.

शेवटच्या सकाळी फल्कसाहेबांनी माझ्याजवळ पापं सांगितली, बरीचशी आठवून आठवून. तो सदरा त्यांनी अंगात घातला होता. मग म्हणाले, "पाद्रीबाबा, मला वाटलं होतं, पोरगं मला मागेल." (पापनिवेदनातलं बाहेर बोलू नये असा नियम आहे. हे पाप नव्हतं, म्हणून सांगितलं.)

हॉइसबाई नंतर जोगिणींच्या मठात गेल्या. वॉरिन दर सणाला भेटायला जाई आणि दर सणाला बाईंची नेमकी प्रार्थनेची वेळ असे. त्याने बापाचं थडगं उत्तम दगडात बांधलं. त्यावर कोरलं आहे, 'राजाशी अखेरपर्यंत एकनिष्ठ'. कोणत्या राजाशी, ते कोरायला जागा पुरली नाही.

थडगं बघायला लांबून माणसं येतात. फल्कसाहेब शेवटी काय म्हणाले, वॉरिन रडला का, कुरण केवढं होतं, सगळं विचारतात. तुम्हीही इथवर कान देऊन ऐकलंत. त्या माळावर राहिलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव तुम्ही विचारलं नाहीत. त्यावरून तुम्ही चांगल्या घराण्यातले दिसता.