दाजीकाकांची औगुरी

लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, की मांडवाच्या मागच्या टोकाहून एक आरोळी यायची, "तांती औगुरी!" नवरदेव दचकायचा, नवरी कावरीबावरी व्हायची आणि बायका एकमेकींच्या कानात सांगायच्या, "अगं बाई, आला तो तांत्री अघोरी!"

हे आमचे शेजारी दाजीकाका. कल्याण स्टेशनावर पार्सल कारकून. गावात त्यांचं नाव अजून निघतं ते मंत्रतंत्र करणारा माणूस म्हणून. ते साफ खोटं आहे. तो बोभाटा करण्यात माझीही जीभ कमी चालली नव्हती, म्हणून आता या वयात खरं काय ते लिहून ठेवतो.

तरुणपणी काका कसाऱ्याच्या घाटात, रेल्वेच्या कामावर कोठीचे कारकून होते. तिथे कार्लो नावाचा इटली देशाचा गवंडी मुकादम होता. काका त्याच्याकडून इटालियन शिकले, पण फक्त आनंदापुरती. भाव करायचा, वाट विचारायची, भांडायचं, यातलं एक अक्षर त्यांना येत नसे. "तांती औगुरी म्हणजे पुष्कळ पुष्कळ शुभचिंतन," ते समजावून सांगत. "आपली भाषा आनंदाला फार चिकट हो! मुलगा झाला की 'देवाची कृपा', मुलगी झाली की 'असो'. संपलं!"

नुसत्या शब्दांवर भागलं असतं तर ठीक होतं. आळीतले अण्णा वकिलीची परीक्षा पास झाले, तेव्हा काकांनी भर चौकात त्यांना मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले. अण्णांनी घरी जाऊन स्नान केलं आणि जानवं बदललं.

"अहो, इटलीत राजेसुद्धा घेतात!" काका दारातून म्हणाले.

"मग राजांचेच घ्या!" अण्णा न्हाणीतून ओरडले.

माझा धाकटा भाऊ मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघाला. काका म्हणाले, "जा बाळ, लांडग्याच्या तोंडात!"

आई किंचाळलीच.

"वहिनी, ही तिकडची रीत. सरळ 'यश येवो' म्हटलं तर दृष्ट लागते. आता यानं म्हणायचं, 'मरो तो लांडगा!'"

भाऊ नापास झाला. त्या दिवसापासून आईनं काकांना आमच्या घराचं दार बंद केलं.

मग मला तिसरी मुलगी झाली. घरात सुतक आल्यासारखी शांतता. आई माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली. बाळंतिणीच्या खोलीतून रडण्याचा आवाज येत होता. तो मुलीचा की आमच्या हिचा, हे विचारायची माझी छाती नव्हती. एवढ्यात ओटीवर दाजीकाका!

मी वाटेत आडवा आलो. "काका, आज नको. आई आधीच..."

"मुलगी ना? ऐकलं. म्हणून तर आलो."

"तिसरी आहे, काका."

"मग काय झालं? ती तर पहिल्यांदाच आलीये ना?"

मी चिडून म्हणालो, "तुम्हांला एवढं कसलं हो कौतुक?"

काका ओटीच्या कडेवर बसले. घाटात, तंबूत, त्यांनाही एक मुलगी झाली होती, हे मला तेव्हा कळलं. गावाहून कुणी आलं नाही. वडील निरोप्याला 'असो' एवढंच म्हणाले.

"कार्लो तेवढा चुन्यानं माखलेला धावत आला रे. आख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडला. माझ्या पोरीसाठी आनंदानं ओरडलेला तो एकटा."

"मग ती...?"

"पावलं टाकायला लागली होती. पटकीत गेली."

ते उठले, पागोटं सारखं केलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तांती औगुरी, बाळ."

आई दारामागे कधीपासून उभी होती कोण जाणे. ती आत गेली, साखरेची वाटी घेऊन आली आणि काकांच्या हातावर साखर ठेवून, पलीकडच्या ओटीवर ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाऊजी, मुलगी झाली हो आमच्याकडे!"

काकांनी साखर तोंडात टाकली नाही. उपरण्याच्या टोकाला बांधू लागले.

"खा ना, आणखी आहे," आई म्हणाली.

"आधी घरी आमच्या हिला नेऊन देतो, वहिनी. आमच्या पोरीच्या वेळी कुणी वाटली नव्हती."