वन्संचा हात

आमच्या वन्सं घरात बोलतात कमी, शिट्टीच जास्त वाजवतात. कुणी हात न धुता ताटावर बसलं की शिट्टी. भेरू दूधवाल्याला तर मूठ वर करून थेट फाउल देतात.

तो म्हणतो, "जीजी, भैंस ही पतला देती है."

"तो भैंस को बुला. उसको भी दूँगी."

स्वतःला मात्र आजवर एकही फाउल नाही. "रेफरी चुकत नसतो," हे ठरलेलं. भाजीत त्यांच्या हातून दोनदा मीठ पडलं, तरी मीठच खारट निघालं म्हणतात.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. देवासच्या एका शाळेत मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी रेफरीची परीक्षा मनावर घेतली आणि दोनदा नापास झाल्या. यंदा धारला मुलांच्या स्पर्धेतच नव्या रेफरींचं शिबिर लागलं. म्हणाल्या, "ही शेवटची. नाही जमलं तर ही शिट्टी तुझ्या कुकरला लाव."

सोबतीला म्हणून डबा घेऊन मीही गेले.

शिबिरातले बाकी सगळे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. सकाळी धावायचं, दुपारी हातांच्या खुणा शिकायच्या. उघडा पंजा वर केला की घड्याळ थांबवायचं, ही पहिली खूण. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक खरा सामना. त्यावरच पास-नापास.

वन्संना मनावर आणि सरदारपूर या दोन गावांच्या संघांचा सामना मिळाला. अगदी अटीतटीचा. शेवटी शेवटी मनावर संघातला एक मुलगा मागे सरकला आणि त्याचा पाय वन्संच्या पायाला लागला. घरचं वळण ते. खेळ तसाच सोडून तो वाकला, त्यांच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. आणि वन्संचा हात आपोआप वर गेला, आशीर्वादाला.

टेबलापाशी घड्याळ सांभाळणाऱ्या मुलीनं पंजा पाहिला आणि ते थांबवलं.

सरदारपूरचे कोच उठले. "मैडम, घड़ी काय को रोकी?"

एखादी चूक त्या मुलावर टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. मी डबा घट्ट धरून बसले. वन्संनी शिट्टी वाजवली, टेबलापाशी गेल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"गलती मेरी. आशीर्वाद का हाथ था, घड़ी का नहीं."

सगळं मैदान हसलं. घड्याळ नीट करून खेळ पुढे झाला. सामना संपल्यावर वन्संनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या डब्यावर ठेवली. "घे. कुकरला."

संध्याकाळी शिबिराच्या मोठ्या सरांनी नावं वाचली. पहिलंच नाव वन्संचं.

"नियम तो सबको याद हैं, भिया," सर म्हणाले. "अपने ऊपर सीटी अकेली जीजी ने बजाई. बस, जीजी, आशीर्वाद मैच के बाद."

मी शिट्टी परत त्यांच्या गळ्यात घातली. तेवढ्यात मनावर संघातला तो मुलगा आला आणि वाकला. मागोमाग दोन्ही संघांनी रांग लावली. शाळेची नोकरी संपल्यापासून वन्संच्या पुढे असं कुणी वाकलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना शिट्टीची हौस आहे.

त्यांनी हात वर केला तो खाली घेतलाच नाही. मुलं एकेक करून खालून गेली. शेवटचा गेला तरी हात तसाच.

"वन्सं, हात दुखेल," मी हळूच म्हटलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आता घड्याळ बंद आहे."