अर्डिसबाईंचं कुंपण

खुब्याचं ऑपरेशन करून अर्डिस टॉर्गर्सनबाई विस्कॉन्सिनमधल्या आपल्या शेतावर परतल्या, तेव्हा ओढ्याच्या दोन्ही काठांना नवंकोरं कुंपण उभं होतं. ते पाहून त्यांच्या छातीत धस्स झालं.

कुंपण त्यांना हवंच होतं. गायी ओढ्यात उतरून काठ ढासळत होता आणि ढासळत ढासळत गोठ्यापर्यंत आला होता. म्हणून बाईंनी जमीन-पाणी संवर्धनाच्या सरकारी कार्यालयाकडे मदत मागितली होती. तिथल्या ब्रेंट नावाच्या तरुणाने आराखडा केला: ओढ्याला कुंपण, आणि गायींना प्यायला वर माळावर विहीर नि हौद. कुंपण किरकोळ; विहीर बाईंच्या आवाक्याबाहेरची, ती सरकार देणार होतं. अट एकच. करारावर सही होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. ही अट बाईंनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सरकारची मदत घेतो हे त्या खोऱ्यात चारचौघांत बोलायची पद्धत नाही.

“चर्चमधले सगळे आलो होतो,” शेजारचा डेलमर म्हणाला. “तू तिकडे पडलेली, इकडे आखणीच्या झेंड्या रोवलेल्या. म्हटलं, एकटी बाई कुठवर करणार?”

“कशाला त्रास घेतलात?”

“त्रास कसला? एका शनिवारात उरकलं.”

“छान झालंय,” बाई म्हणाल्या, आणि कुबडी टेकत त्यांनी सगळ्यांसाठी रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री भाजायला घेतली. आपल्यावर उपकार करणाऱ्याला तोंडावर काही बोलणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं.

ब्रेंट आला तो कुंपणाशीच थबकला. “मिसेस टॉर्गर्सन, हे कधी केलंत?”

“मी कुठे केलं? मी तर टेबलावर बेशुद्ध पडले होते.”

“सहीआधी काम सुरू झालं की आराखडा बाद. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा.”

“मग हे उपटून टाकते.”

“तसं करू नका हं. गायी परत ओढ्यात दिसल्या तर पुढच्या यादीत तुमचा नंबर अगदी तळाला जाईल.”

“अरे, मग त्यांनी पाणी कुठलं प्यायचं?”

ब्रेंटने फाइल उघडून पाहिली. “आराखड्यात विहीर आहे की,” तो म्हणाला.

बाई घरापासून बादल्या वाहू लागल्या. डॉक्टरांनी नेमकं तेच करायला मनाई केली होती. आठवड्यात पाय सुजला, तेव्हा त्यांनी पक्कड घेतली आणि झुडपामागच्या तारा कापल्या. गायी पोटभर पाणी प्यायल्या. रविवारी प्रार्थना संपल्यावर डेलमरची फौज परत हजर.

“हरणांनी तोडलं बघ,” डेलमर म्हणाला. “आता दुहेरी तार ओढलीय. हत्ती आला तरी हलायचं नाही.”

बाईंना त्याचा गळा आवळावासा वाटला. त्यांनी कॉफी ओतली.

ऑगस्टमध्ये गायी विकाव्या लागल्या. घेतल्या डेलमरनेच, शेजारी म्हणून भाव जरा कमी करून मागून. रिकाम्या गोठ्यात जायला बाईंचे पाय वळेनात. ओढा मात्र नितळ झाला, काठावर गवत वाढलं, मासे परतले.

शरदात ब्रेंट एक पाटी आणि कॅमेरा घेऊन आला. सरकारी मदतीशिवाय ओढा जपल्याबद्दल बाईंना तालुक्याचा पुरस्कार मिळाला होता.

“कुंपणाशी उभ्या राहा,” तो म्हणाला. “मागे चार गायी असत्या तर शोभा आली असती.”

“डेलमरकडे माग,” बाई कडवटपणे म्हणाल्या. “तो मदतीला नाही म्हणत नाही.”

ब्रेंटने खरोखरच फोन लावला. डेलमर हौसेने ट्रेलर भरून घेऊन आला. गायी उतरल्या त्या सरळ बाईंकडे गेल्या आणि त्यांच्या हातांना नाकं लावून हंबरू लागल्या.

“तहानल्यात का?” ब्रेंटने विचारलं.

“छे, पाजूनच आणल्यात,” डेलमर म्हणाला.

पाटी छातीशी धरून अर्डिसबाई ढसाढसा रडू लागल्या. नवरा गेला तेव्हाही खोऱ्यात कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

डेलमरने टोपी काढली. “पुरस्काराचा आनंद आहे तो,” तो ब्रेंटच्या कानात म्हणाला. “घे लवकर फोटो.”